दुसऱ्या ठिणगीचा हिशेब

(इंदूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि समाजकारण यांवरील विवेचन ऐकण्याची आपणांस सवय आहे, त्याच व्यासपीठावरून मोटारीच्या एंजिनातील एका ठिणगीविषयी बोलण्याची मुभा व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. विषय अपरिचित वाटेल. परंतु इंदुरास तो परका नाही. येथून अवघ्या पंचवीस-तीस किलोमीटरांवर, धार जिल्ह्याच्या हद्दीत, पीथमपूर वसले आहे. १९८० च्या दशकापासून तेथे बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा, आयशर, हिंदुस्तान मोटर्स अशा कारखान्यांनी आपली ठाणी मांडली, आणि २०२१ साली तेथेच मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा मार्ग खुला झाला. मालव्यातील शेकडो मराठी घरांतील कर्त्या माणसांची उपजीविका या धंद्याशी निगडित आहे. ज्या यंत्रावर आपल्या घरातील चूल पेटते, त्या यंत्राच्या अंतरंगाचा विचार मातृभाषेत आणि सावकाश करावा, एवढाच आजचा हेतू आहे.

मी जी योजना आपणांपुढे ठेवणार आहे, तिला कारागीर ‘वेस्टेड स्पार्क’ म्हणतात. या योजनेत एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात जितक्या वेळा ठिणगीची गरज असते, त्याच्या बरोबर दुप्पट वेळा ती पाडली जाते. दोहोंपैकी एक इंधन पेटवते आणि दुसरी जळून गेलेल्या धुरात पडून विझते. सकृद्दर्शनी ही उधळपट्टी आहे. तरीही काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाहनांतच ही योजना सर्वांत अधिक रुजली. हा विरोधाभास उलगडला, म्हणजे एखादा खर्च वायफळ ठरवताना कोणता हिशेब मांडावा लागतो, हेही उलगडते. आणि तेच माझे आजचे प्रतिपाद्य आहे.

१

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. निकोलाउस ओटो या जर्मन यंत्रज्ञाने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार धावांच्या एंजिनात दट्ट्या एकदा खाली येतो तेव्हा पेट्रोलमिश्रित हवा आत ओढली जाते. तो वर जातो तेव्हा ती दाबली जाते. दाब परमावधीस पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते, वायू पेटून फुगतो आणि दट्ट्यास खाली लोटतो. आणि चौथ्या धावेत दट्ट्या पुन्हा वर येऊन जळका धूर बाहेर घालवतो. शोषण, संपीडन, प्रसरण आणि निष्कासन या चार धावा पुऱ्या होईतो क्रँकशाफ्टचे, म्हणजे दट्ट्या ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात. म्हणजे दट्ट्या दोनदा शिखरास पोचतो, पण ठिणगीचे काम त्यांपैकी एकाच वेळी असते. ही दोनास एकाची विषम जोडी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारा मामला तिच्यावरच उभा आहे.

ठिणगी पाडणे हे काम सोपे नाही. दाबलेल्या वायूतून, ठिणगी पाडणाऱ्या प्लगाच्या दोन टोकांमधील सुमारे एक मिलिमीटरचे अंतर ओलांडण्यासाठी दहा ते पंचवीस हजार व्होल्टांचा विद्युद्दाब लागतो, आणि गाडीतील बॅटरी तर बारा व्होल्टांची. हा दुष्कर पल्ला गाठण्याची युक्ती फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्प्रवर्तनात आहे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्याच सोबतीला बारीक तारेचे सुमारे शंभरपट वेढे घालावेत. जाड तारेतून प्रवाह सोडून गाभ्यात चुंबकत्व साठवावे. आणि मग तो प्रवाह एकाएकी तोडावा. कोसळणारे चुंबकत्व जाड तारेत तीन-चारशे व्होल्ट उत्पन्न करते आणि बारीक तारेत तोच दाब शंभरपट होऊन प्रकटतो. ठिणगी प्रवाह सोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. आणि गाभ्यात पुरते चुंबकत्व साठण्यास दोन ते चार सहस्रांश सेकंद लागतात. ही मुदत मिळाली नाही, तर ठिणगी दुबळी होते.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास या तत्त्वास मोटारीच्या सोयीचे रूप दिले, आणि पुढे सुमारे सत्तर वर्षे जगातील बहुतेक गाड्यांनी तेच शिरोधार्य मानले. त्यात वर सांगितलेल्या वेढ्यांची एकच कॉइल असे. प्रवाह तोडण्यासाठी पॉइंट असत. आणि कॉइलमधून निघालेला उच्च दाब योग्य त्या सिलिंडराकडे रवाना करण्यासाठी डिस्ट्रिब्युटर असे. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांना मोटारींचा केवढा षौक होता, हे इंदूरकरांस सांगावयास नको. १९३० च्या दशकात त्यांनी मागवलेली ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी, जिचे आठ सिलिंडरांचे, जवळपास सात लिटरांचे एंजिन अमेरिकेत घडले आणि जिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली, ती आजही जगातील नामांकित गाड्यांत गणली जाते. त्या राजेशाही एंजिनातही आठ सिलिंडरांस ठिणगी वाटण्याचे काम डिस्ट्रिब्युटरकडेच होते. पुढील काळात आपल्या रस्त्यांवरून धावलेल्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचीही रचना या बाबतीत निराळी नव्हती.

२

डिस्ट्रिब्युटर म्हणजे बेकलाइटची एक टोपी, तिच्या मधोमध फिरणारा रोटर, आणि टोपीच्या कडेस सिलिंडरांइतकी पितळी वा ॲल्युमिनियमची टोके. रोटर ज्या टोकासमोर येईल, त्या सिलिंडरास ठिणगी पोचते. त्याचा दांडा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने, फिरवला जातो. या निम्म्या वेगाचे महत्त्व मोठे आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होत असल्यामुळे चार धावांपैकी कोणती चालू आहे, याचे ज्ञान त्याच्या ठायी आपसूकच असते. त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याची जागाच ते सांगते.

परंतु या ज्ञानी कारभाऱ्याचे दोषही बरेच होते. पॉइंट जळत आणि झिजत, आणि त्यांचे अंतर बदलले की एंजिनाचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरके. दांड्याचे बुश सैल झाले की ठिणगी कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर पडे. रोटर आणि टोक यांमधील पोकळी हे आणखी एक अंतर ठिणगीस ओलांडावे लागे, आणि त्यात दाबाचा काही अंश फुकट खर्ची पडे. मालव्यातील आषाढ-श्रावणात ज्यांनी जुन्या गाड्या बाळगल्या, त्यांना टोपीच्या आत दमट हवेचे दव साचून गाडी मुकाट्याने उभी राहिल्याचा, आणि बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने ती टोपी पुसल्याचा अनुभव असेलच. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेऊ लागले, म्हणजे एकट्या कॉइलला सेकंदाला २०० ठिणग्या पुरवाव्या लागतात. प्रत्येकीसाठी तिला केवळ ५ सहस्रांश सेकंद मिळतात, आणि त्यांतही चुंबकत्व साठवण्याचा अवधी वेगळा काढावा लागतो. वेग वाढला की कॉइल उपाशी राहावयाची, हे ठरलेलेच होते.

या दोषांकडे अनेक दशके काणाडोळा झाला. पण धुराच्या प्रश्नाने तो अशक्य केला. आपल्या देशात चार महानगरांतील नव्या गाड्यांस १९९५ साली धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचे झाले. २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले आणि त्याच सुमारास धुराचे नवे निर्बंधही अमलात आले. या पात्राचा स्वभाव असा की, एखादी ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचले, तर ते तेथे पेटून पात्रच भाजून टाकते. गाडी ‘मिसिंग’ करते ही तोवर केवळ गैरसोय होती. आता तो महागडा अपराध ठरला. ज्याची अचूकता झिजेवर आणि हवामानावर अवलंबून आहे, अशा कारभाऱ्यास रजा देणे क्रमप्राप्त झाले.

३

डिस्ट्रिब्युटर गेला, म्हणजे त्याच्यासोबत धावेचे ज्ञानही गेले. आता क्रँकशाफ्टवर दाते असलेले एक चक्र बसवतात. अनेक गाड्यांत ते ६० दात्यांचे कल्पून त्यांतील २ दाते मुद्दाम वगळलेले असतात. जवळचा सेन्सर दाते मोजतो आणि वगळलेल्या जागेवरून फेऱ्याचा आरंभ ओळखतो. दोन दात्यांत ६ अंशांचे अंतर. त्याच्याही आतील अंश गाडीतील संगणक वेगावरून काढतो. दट्ट्या नेमका कोठे आहे, हे आता पूर्वीपेक्षा कितीतरी सूक्ष्मपणे कळते. कळत नाही ते इतकेच की, शिखराकडे येणारा हा दट्ट्या ताजे मिश्रण दाबत आहे की जळका धूर बाहेर लोटत आहे.

ही अडचण नीट समजावी म्हणून मी आपल्याच गावातील एका वास्तूची साक्ष काढतो. १९०४ साली किंग एडवर्ड हॉल या नावाने बांधलेल्या आणि आज गांधी हॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे, म्हणून लोक तिला घंटाघर म्हणतात. त्या घड्याळाचे काटे बारावर आले, एवढेच एखाद्या बंद खोलीतील माणसास सांगितले, तर दुपार झाली की मध्यरात्र, हे तो सांगू शकणार नाही. काट्यांत काही चूक नाही, पण दिवसाला तासकाट्याचे दोन फेरे होतात. क्रँकशाफ्टची स्थिती तंतोतंत तशीच आहे.

यावर दोन उपाय संभवतात. एक तर कॅमशाफ्टवर दुसरा सेन्सर बसवून ते ज्ञान पुन्हा मिळवावे. त्यासाठी आणखी एक सुटा भाग, आणखी तारा, आणि बिघाडाची आणखी एक जागा पत्करावी. किंवा ज्ञानावाचूनच काम भागेल अशी तजवीज करावी: दट्ट्या शिखराजवळ आला की प्रत्येक वेळी ठिणगी पाडावी. दोनांपैकी एक ठिणगी खात्रीने योग्य वेळी पडेल. आणि दुसरी धुरात पडेल, जेथे पेटण्याजोगे काहीच उरलेले नसते. ही दुसरी तजवीज म्हणजेच आपली योजना.

४

परंतु अभिजात यंत्ररचनेचा गुण असा की, ती एका युक्तीत दोन कामे साधते. चार सिलिंडरांच्या सरळ एंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. दुसरा आणि तिसराही तसेच. पहिला मिश्रण दाबत असतो, तेव्हा चौथा धूर काढत असतो. पुढच्या फेऱ्यास भूमिका उलटतात. मग दोघांस दोन कॉइली कशास हव्यात? एकाच कॉइलच्या बारीक तारेची दोन्ही टोके मोकळी ठेवून एक पहिल्याच्या प्लगास आणि दुसरे चौथ्याच्या प्लगास जोडले, की चार सिलिंडरांस दोन कॉइली पुरतात.

जुन्या रचनेत बारीक तारेचे एक टोक प्लगाकडे जाई आणि प्रवाह एंजिनाच्या धातूतून परत येई. येथे प्रवाह कॉइलच्या एका टोकातून निघून पहिल्या प्लगाच्या मधल्या तारेत येतो, अंतर ओलांडून बाजूच्या वाकड्या टोकावर उतरतो, एंजिनाच्या अंगातून चौथ्या सिलिंडरापाशी पोचतो, तेथील प्लगाच्या वाकड्या टोकावरून उलट दिशेने उडी घेऊन मधल्या तारेत शिरतो आणि कॉइलच्या दुसऱ्या टोकास परततो. दोन्ही ठिणग्या एकाच वर्तुळात, एकाच क्षणी.

येथे सुज्ञ श्रोत्याच्या मनात शंका येईल की, विद्युद्दाब जर दोघांत वाटला गेला, तर खऱ्या कामाची ठिणगी अशक्त होणार नाही काय? याचे उत्तर फ्रीडरिख पाशेन या शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेल्या नियमात आहे. वायूतून ठिणगी पडण्यास लागणारा विद्युद्दाब हा वायूचा दाब आणि दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. संपीडनाच्या अखेरीस मिश्रण वातावरणाच्या दहापट किंवा त्याहून अधिक दाबाखाली असते. निष्कासनाच्या अखेरीस धूर मात्र जवळजवळ बाहेरच्या हवेइतक्याच दाबाचा, शिवाय तप्त असतो. म्हणून धुरातील अंतर अल्प विद्युद्दाबानेच कोसळते; आणि ते कोसळताच त्याचा अडथळा जवळजवळ नाहीसा होऊन कॉइलचा बहुतेक सारा दाब मिश्रणातील अंतरावर येऊन पडतो. ठिणगीची वाटणी समान होत नाही. जेथे निकड अधिक, तेथे तिचा मोठा वाटा आपोआप जातो. या वाटणीसाठी कोणताही कारकून नेमावा लागत नाही. वायूचा दाबच तो बंदोबस्त करतो. पुढच्या फेऱ्यास भूमिका पालटल्या की वाटणीही पालटते.

आता जमाखर्च मांडू. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दोन कॉइली मिळून सेकंदाला १०० वेळा खाली होतात. दर खेपेस ५० सहस्रांश ज्यूल ऊर्जा ठिणगीत जाते असे धरले, तर सेकंदाचा एकूण खर्च ५ ज्यूल, म्हणजे ५ वॅट. त्यातील अर्धी ऊर्जा धुरात गेली असे आपल्या विरुद्ध बाजूने धरले, तरी फुकट गेलेली शक्ती अडीच वॅट भरते. त्याच गाडीचा समोरचा एक दिवा साठ वॅट खातो. उलट बाजूस पाहावे, तर पाव लिटरच्या सिलिंडरात पूर्ण भरलेल्या मिश्रणातील पेट्रोल जळते, तेव्हा सुमारे ९०० ज्यूल उष्णता निर्माण होते. एक ठिणगी चुकून हे पेट्रोल न जळता बाहेर गेले, तर होणारे नुकसान धुरात पडणाऱ्या हजारो ठिणग्यांच्या बेरजेहून मोठे आहे.

जमेच्या बाजूस आणखी एक रक्कम आहे. दोन कॉइली असल्यामुळे प्रत्येकीस फेऱ्यागणिक एकदाच काम पडते. ६,००० फेऱ्यांवर पूर्वी मिळणाऱ्या ५ सहस्रांश सेकंदांऐवजी आता १० मिळतात. चुंबकत्व पुरते साठते आणि ठिणगी कोणत्याही वेगास सशक्त राहते. रोटर गेला, टोपी गेली, पॉइंट गेले. फिरणारा, घासणारा, झिजणारा असा एकही भाग उरला नाही. अडीच वॅट देऊन एवढे मिळत असेल, तर हा सौदा कोणत्याही खतावणीत फायद्याचाच नोंदवला जाईल.

५

तथापि खर्चाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. एखाद्या गॅरेजात अशा एंजिनाचे दीर्घकाळ वापरलेले चार प्लग काढून, कोणता कोठला याची खूण ठेवून, ओळीने मांडावेत आणि भिंगाखाली पाहावेत. दोन प्लगांत मधल्या तारेचे टोक गोल होऊन झिजलेले दिसेल. उरलेल्या दोहोंत मधली तार त्या मानाने शाबूत, पण तिच्यासमोरचे वाकडे टोक पोखरून खड्डा पडलेला दिसेल. कारण स्पष्ट आहे. कॉइलच्या टोकांचे ऋण-धन कायम असल्यामुळे जोडीतील एका प्लगात प्रवाह नेहमी एका दिशेने आणि दुसऱ्यात नेहमी उलट दिशेने उडतो. मधली तार अधिक तप्त असते आणि तप्त धातूतून इलेक्ट्रॉन सुलभतेने निघतात. म्हणून मधली तार ऋण असलेल्या प्लगास काम सोपे जाते, आणि धन असलेल्या प्लगास अधिक दाब लागतो. त्यातच ठिणग्या दुप्पट, म्हणून झीजही अधिक. यावर निर्मात्यांनी दोन्ही टोकांवर प्लॅटिनम लावलेले प्लग काढले. आणि जुने प्लग पुन्हा बसवताना ते आपापल्या सिलिंडरातच बसवावेत, हा दंडक हुशार मिस्त्री पाळतात.

प्रवाह एकाच वर्तुळात वाहतो, यातून निदानाचीही एक किल्ली हाती येते. पहिला आणि चौथा सिलिंडर एकदमच मिसिंग करू लागले, तर संशय कॉइलवर किंवा तिच्याकडे येणाऱ्या तारेवर धरावा. जोडीपैकी एकच सिलिंडर रुसला असेल, तर प्रथम त्याचा प्लग आणि प्लगाकडे जाणारी तार, म्हणजे लीड, तपासावी. मात्र लीड उपसून ती अधांतरी सोडू नये. वर्तुळ तुटल्यामुळे जोडीदाराची ठिणगीही धोक्यात येते आणि मार्ग न मिळालेला दाब कॉइलचे आवरण फोडू शकतो. तपासणीच करावयाची, तर उपसलेले टोक एंजिनाच्या अंगास पक्के टेकवावे. जोडीदाराची ठिणगी मग निर्वेध चालू राहते. ज्याला वर्तुळाचे तत्त्व माहीत आहे, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

६

ही योजना संगणकाच्या युगात जन्मली असा समज असेल, तर तो दूर केला पाहिजे. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या २ सीव्ही या गाडीत समोरासमोर पहुडलेल्या दोन सिलिंडरांचे ३७५ घनसेंटिमीटरचे एंजिन होते; वॉल्टर बेकिया याने ते योजले होते. दोन्ही दट्ट्ये एकदमच बाहेर जात आणि एकदमच आत येत. त्या एंजिनात डिस्ट्रिब्युटर नव्हताच; दोन टोकांची एकच कॉइल दोन्ही प्लगांत एकदम ठिणगी पाडी. ही गाडी खेड्यातील शेतकऱ्यासाठी, कमीत कमी भागांत आणि कमीत कमी दुरुस्तीत चालावी म्हणून घडवलेली होती. आणि तिच्यातच ठिणग्या दुप्पट पाडण्याची योजना स्वीकारली गेली, हे पुरेसे बोलके आहे.

आपल्या देशात हे तत्त्व सर्वांत दूरवर पोचले ते मोटारीमुळे नव्हे, मोटारसायकलीमुळे. १९८० च्या दशकात पीथमपुरात बनू लागलेली कायनेटिक होंडा ही दोन धावांची स्कूटर होती. तिच्या एंजिनात दर फेऱ्यास ज्वलन होई, म्हणून दर फेऱ्याची ठिणगी कामाची असे. परंतु १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर ही वाहने चार धावांची होती. त्यांत ठिणगीचा इशारा देणारी पल्सर कॉइल क्रँकशाफ्टवरील मॅग्नेटच्या बाजूस बसवलेली असते. दर फेऱ्यास तिच्यासमोरून उंचवटा जातो आणि दर फेऱ्यास ठिणगी पडते. येथे जोडीदार सिलिंडर नाही, तरी दर दोन ठिणग्यांतील एक धुरातच पडते. दूधवाले, शिक्षक, पटवारी, विक्रेते असे लक्षावधी लोक पेट्रोलच्या एकेका थेंबाचा हिशेब ठेवीत ज्या मोटारसायकलींवरून वर्षानुवर्षे फिरले, त्यांतील प्रत्येक एंजिनाने आयुष्यभर आपल्या निम्म्या ठिणग्या धुरात टाकल्या, आणि तरीही काटकसरीचा मान या मोटारसायकलींनाच मिळाला. कारण कॅमशाफ्टपाशी दुसरी व्यवस्था करण्याचा खर्च, वजन आणि बिघाडाची शक्यता यांपुढे त्या ठिणग्यांची किंमत नगण्य होती.

७

प्रत्येक तत्त्वास त्याची मर्यादा असते, आणि ती सांगितल्यावाचून तत्त्वाचे प्रतिपादन पुरे होत नाही. तीन सिलिंडरांच्या एंजिनात कोणतेही दोन दट्ट्ये बरोबरीने चालत नाहीत. तेथे जोडी जमत नाही आणि एका कॉइलमध्ये दोन प्लग भागत नाहीत. सहा सिलिंडरांच्या एंजिनात मात्र तीन जोड्या सुरेख जमतात. दुसरी मर्यादा इंधनाची आहे. दुसरी ठिणगी निरुपद्रवी असते, कारण तिच्या वेळी आजूबाजूस जळका धूर असतो. परंतु त्याच सुमारास शोषणाची झडप उघडू लागण्याची वेळही जवळ आलेली असते. झडप गळकी असेल किंवा टायमिंग फार मागे सरकले असेल, तर ती ठिणगी ताज्या मिश्रणापर्यंत पोचून मागल्या मागे भडका उडवू शकते. पेट्रोलच्या बाबतीत हे क्वचित घडते. वायुरूप इंधनावर, विशेषतः शोषणनळीत वायू मिसळण्याची जुनी व्यवस्था असल्यास, अधिक दक्षता लागते. हायड्रोजन तर इतका भडकू आहे की, पेट्रोलची वाफ पेटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहाव्या हिश्शाने, म्हणजे ०.०२ सहस्रांश ज्यूलनेही, तो पेट घेतो. म्हणून हायड्रोजनवरील एंजिनांत ही योजना टाळतात. तेथे एकही ठिणगी अकारण पडणे परवडत नाही.

तिसरी मर्यादा काळाची आहे. धुराचे निर्बंध कडक होत गेले, तसे प्रत्येक सिलिंडरास त्याच्याच शोषणाच्या वेळी पेट्रोल फवारणे आवश्यक झाले. त्यासाठी धावेचे ज्ञान हवेच, म्हणून कॅमशाफ्टवर सेन्सर आला. ते ज्ञान एकदा पदरात पडल्यावर ठिणगीसाठी त्याचा उपयोग करून घेण्यास वेगळी किंमत राहिली नाही. आणि आजच्या मोटारींत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसून योग्य तेव्हाच ठिणगी पडते. जोडीची योजना मोटारींतून ओसरली ती ती चुकीची होती म्हणून नव्हे. जे ज्ञान टाळण्यासाठी ती पत्करली होती, ते ज्ञान अन्य कारणाने विकत घेणे भाग पडले म्हणून. तरीही अनेक आधुनिक गाड्यांत एंजिन सुरू होताना, कॅमशाफ्टचा इशारा मिळण्यापूर्वी, संगणक दोन्ही जोडीदारांत ठिणगी पाडतो. आणि तो सेन्सर वाटेत बिघडला, तरी काही गाड्या याच जुन्या रीतीने धन्यास घरी पोचवतात.

८

श्रोतेहो, या विवेचनातून निष्पन्न होणारा सिद्धांत मी आता थोडक्यात मांडतो. एखाद्या व्यवस्थेतील एकच बाब सुटी काढून तिच्यावर उधळपट्टीचा शिक्का मारणे फार सोपे असते. एकेका ठिणगीचा हिशेब मांडणाऱ्यास निम्म्या ठिणग्या फुकट गेलेल्या दिसतील, आणि त्याचे गणित चुकलेलेही नसेल. पण त्याच्या खतावणीत न बसवलेल्या सेन्सराची किंमत, न झिजलेल्या रोटरचे आयुष्य, पावसात न थांबलेल्या गाडीचा प्रवास आणि न भाजलेल्या उत्प्रेरक पात्राचा खर्च यांपैकी काहीच जमा पडणार नाही. जे घडले नाही, त्याची नोंद सहसा कोणत्याही दफ्तरात होत नसते. खरी काटकसर ही संपूर्ण व्यवस्थेचा ताळेबंद मांडल्यावाचून ठरत नाही. आणि तो ताळेबंदही कायमचा नसतो, परिस्थिती पालटली की नव्याने मांडावा लागतो. चार सिलिंडरांच्या गाडीत जे शहाणपण ठरले, ते हायड्रोजनच्या एंजिनात धोक्याचे ठरते. हा विवेक यंत्रशाळेत जितका लागतो, तितकाच घरखर्चात, संस्थेच्या अंदाजपत्रकात आणि नगराच्या कारभारातही लागतो.

अखेरीस एक विनंती. पीथमपुराच्या कारखान्यांत आणि इंदुराच्या गॅरेजांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांच्या हातांना या गोष्टी ठाऊक असतात. लीड कोठे टेकवावी, कोणता प्लग कोठे बसवावा, हे ते सहज करतात. परंतु तसे का करावे, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा मजकूर फार थोडा आहे, आणि जो कारण जाणतो त्यालाच नवे यंत्र समोर आल्यावर वाट सापडते. आपल्या मराठी संस्था वर्षातून निदान एक व्याख्यान यंत्रशास्त्रास द्यावयाचा प्रघात पाडतील, शाळांतील शिक्षक विद्युत्प्रवर्तनाचा धडा शिकवताना वर्गात एक जुनी कॉइल आणि एक झिजलेला प्लग घेऊन जातील, आणि जे या धंद्यात मुरले आहेत ते आपले ज्ञान मराठीत लिहून ठेवतील, तर या शहराचा आणि या भाषेचा दोहोंचा लाभ होईल. हे काम आपण हाती घ्यावे, अशी माझी आपणां सर्वांस कळकळीची प्रार्थना आहे.